रिकाम्या टोपलीचं पान

बाई, बुधवारी सकाळी तुमच्या नंबरवरून फोन आला, तेव्हा मी तो उचलला नाही.

मी तांबरमच्या गाडीत होते. कॉलेजचा पहिला तास गाठायचा होता. स्क्रीनवर तुमचं नाव दिसलं आणि मी फोन पिशवीत उलटा ठेवला. मला वाटलं, तुम्ही मला समजवायला फोन करताय. आणि मला अजून थोडं समजवून घ्यायचं होतं. खरं सांगते, नाव बघून मला बरं वाटलं होतं. फोन पुन्हा वाजला, पुन्हा घेतला नाही. तिसऱ्यांदा घेतला तो रुसल्यासारखं बोलायची तयारी करूनच. पलीकडे तुम्ही नव्हतात. रमाअक्का होत्या, तुमची मुलगी. त्या म्हणाल्या, सकाळी कॉफीचं डिकॉक्शन लावून अम्मा खुर्चीत बसली ती परत उठलीच नाही.

त्यावर मी काय म्हणाले, माहीत आहे? "मग शनिवारच्या वर्गाचं काय?"

असं कुणी विचारतं का? त्यांची आई गेली होती आणि मी वर्गाचं विचारत होते. रमाअक्कांनी नाक ओढलं. मग हळूच म्हणाल्या, "ते आता तूच बघ मा."

गिंडीला उतरून शेअर ऑटोने वेलचेरीला आले. तुमच्या इमारतीखाली पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि काचेच्या थंड पेटीत तुम्ही होतात. पेटीची मोटर घरघरत होती. तुमच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. चष्म्याशिवाय मी तुम्हाला कधी पाहिलंच नव्हतं. त्यामुळे मला बराच वेळ वाटत राहिलं की काहीतरी चूक झाली आहे, ह्या दुसऱ्याच कुणीतरी आहेत. मी खुणा शोधत उभी राहिले. मग उजव्या हाताच्या बोटावर पेन्सिलीचा काळपट डाग दिसला. तेव्हा कळलं, तुम्हीच.

आज रविवार आहे. मला अजूनही कळत नाही की माणूस पेन्सिलीचा डाग बोटावर ठेवून कसं जाऊ शकतं.

तुमच्याकडे मी पहिल्यांदा आले ती प्रमाणपत्रासाठी, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. कॉलेजच्या फळ्यावर चिठ्ठी होती: कुप्पममधल्या, म्हणजे मच्छीमार वस्तीतल्या, मुलांच्या वाचनाच्या तासाला मदतनीस हवेत. मी आले. समुद्राच्या बाजूची ती कुप्पममधली खोली, बाहेर वाळत घातलेली जाळी, आणि आत जमिनीवर बसलेल्या तुम्ही. मी तमिळमध्ये नाव सांगितलं. तुम्ही लगेच ओळखलंत. "मराठी की गं तू?" म्हणालात. मग थर्मास पुढे करून विचारलंत, "कापी होणा का?"

मला हसू आलं. कॉफी हवी का, असं विचारायला हे कुठलं मराठी! तुम्हीही हसलात. म्हणालात, "आमचं मराठी तंजावरचं मा. तिकडं येऊन इतकी वर्षं झाली की ते तिथंच जुनं झालं. तुझं कुठलं?"

मी सांगितलं, सांगलीकडचं. आप्पा सावकारपेठेत सोनं गाळतात, गलाईचं काम. दहावीपर्यंत गावी काकांकडे होते, मग इथं आले. तमिळ बोलता येतं, पण वाचायला वेळ लागतो. हे शेवटचं मी खूप खाली बघून सांगितलं. मला वाटलं, आता तुम्ही म्हणाल, मग तू इथं मुलांना काय वाचून दाखवणार.

तुम्ही म्हणालात, "बरं झालं. न वाचता येणं कसं असतं ते तुला आठवतंय. मी विसरले."

त्यात पुढं एक गंमत निघाली. चाळीस वर्षं तमिळ आणि इंग्रजी शिकवलेल्या माझ्या बाईंना स्वतःच्या घरची भाषा वाचता येत नव्हती. मराठी तुम्ही जन्मभर बोललात, पण तिचं अक्षर कधी गिरवलं नव्हतं. मग मुलं गेल्यावर पंधरा मिनिटं मी तुमची बाई झाले. तुम्ही 'क' काढायचात तो नेहमी एका बाजूला पडायचा. "अय्यो, हा तर झोपला," म्हणायचात. मी हसले की खोटं खोटं रागावायचात, "टीचर असं हसतात का?"

तुमच्या वर्गात वाचायची सुरुवात वाचण्यापासून होत नसे, हे मला कळायला महिना लागला. आधी फक्त चित्र. मुलं चित्र बघणार, काय चाललंय ते सांगणार, पुढं काय होईल याचा अंदाज करणार. कुणी काहीही सांगितलं की तुमचा एकच प्रश्न, "कसं कळलं?" आणि प्रश्न विचारल्यावर तुम्ही गप्प बसायचात. मला सांगायचात, "विचारलंस की मनात सात मोज. तोपर्यंत तोंड उघडायचं नाही." मी तीनपर्यंत पोचायचे. गप्पपणा मला सहन होत नाही, बाई. वर्गात कुणी गप्प बसलं की मला वाटतं, आता मला विचारतील.

आणि तो चिमटा. कपडे वाळत घालायचा निळा चिमटा तुम्ही पुस्तकाच्या शेवटच्या पानांना लावून ठेवायचात, म्हणजे कुणी पुढं डोकावणार नाही. चिमट्याच्या अलीकडे आलो की प्रत्येकाने आपला अंदाज चिठ्ठीवर काढायचा किंवा लिहायचा आणि बिस्किटांच्या डब्यात टाकायचा. तुम्हीसुद्धा. पुढच्या शनिवारी आधी डबा उघडायचा, मग चिमटा. मुलं आठवडाभर भांडायची पुढं काय होईल त्यावर. एकदा मी म्हणाले, बाई, तुम्हाला तर शेवट ठाऊक असतो, मग तुम्ही कशाला चिठ्ठी टाकता? तुम्ही म्हणालात की पुस्तक आणल्यावर तुम्हीही शेवटची पानं बघत नाही. मला ते खरं वाटलं नव्हतं.

या वेळचं पुस्तक मच्छीमार कुटुंबाचं होतं. आई, बाप, मुलगी, एक होडी. कुप्पममधल्या मुलांनी पहिल्याच पानावर चित्रकाराला फैलावर घेतलं. सेल्वम म्हणाला, "असं जाळं धरलं तर मासा हसत हसत निघून जाईल." तुम्ही पोट धरून हसलात. मी मात्र पुस्तक उलटंपालटं करून बघत होते. इतकं गुळगुळीत, इतकं रंगीत. याआधीची पुस्तकं तुमच्याच हातात असायची; माझ्या हातात आलेलं हे पहिलं चित्रांचं पुस्तक होतं, बाई. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी. तुम्ही एकदा विचारलं होतंत, लहानपणी तुझं आवडतं पुस्तक कुठलं, तेव्हा मी एक नाव बनवून सांगितलं. तुम्ही म्हणालात, "छान असंल." एवढंच. ते नाव खोटं होतं. आमच्या घरात छापलेलं म्हणजे कॅलेंडर आणि शाळेची पुस्तकं.

म्हणूनच बहुतेक आठ दिवसांपूर्वीच्या शनिवारी तसं झालं.

नववं पान. दुपारचं ऊन. आई घराच्या पायरीवर बसली आहे, शेजारी रिकामी टोपली, मान खाली. तुम्ही मला म्हणालात, आज तू विचार. मी विचारलं, "आईला कसं वाटतंय?" कयलने लगेच हात वर केला. आठ वर्षांची कयल, जी दोन महिने एक अक्षर बोलत नव्हती आणि आता कुठं बोलायला लागली होती. ती म्हणाली, "खूश!"

आणि मी म्हणाले, "नाही. नीट बघ. टोपली रिकामी आहे ना? मान खाली आहे ना? मासे मिळाले नाहीत म्हणून आई दुःखी आहे."

मी सात मोजले नाहीत. एकही मोजला नाही. कयलने हात खाली घेतला. तुम्ही तिला विचारलंत, "कसं कळलं, कन्ना?" पण तिने खांदे उडवले आणि चटईची काडी उपसत बसली. मग चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या, डब्यात पडल्या. तुम्हीही काहीतरी लिहून टाकलंत. मुलं पळाली.

त्या दिवशी देवनागरी झालं नाही. तुम्ही म्हणालात, "तू दार लावून घेतलंस मा. ती आत येत होती."

मी पुस्तकाचं मागचं, चिमट्याबाहेरचं पान उघडून दाखवलं. तिथं शिक्षकांसाठी सूचना होत्या. पान नऊ: टोपली रिकामी असल्यामुळे आई दुःखी आहे, हे मुलांना चित्रातल्या खुणांवरून ओळखू द्यावे. पान दहा: मुलगी आईला हसवते. आधीच्या शनिवारी मी त्या पानाचा फोटो काढून नेला होता आणि रात्री शब्द जोडून जोडून ते तमिळ वाचून आले होते. मी म्हणाले, "छापलंय, बाई."

तुम्ही म्हणालात, "छापणाऱ्याने कधी मासे विकलेत?"

मला राग आला. का ते तेव्हा कळलं नव्हतं. आता थोडं कळतं. आप्पा सातवी शिकलेत. पेपरातलं काही मी वाचून दाखवलं आणि शंका काढली की ते म्हणतात, "छापलेलं खोटं कसं असंल गं?" त्यांनी आयुष्यभर मुशीपुढे बसून मला कॉलेजात घातलं ते त्या छापलेल्याच्या भरवशावर. आणि तुम्ही एका वाक्यात ते उडवून लावलंत.

मी म्हणाले, "तुम्हाला बोलायला सोपं आहे. तुमच्या घरात चार पिढ्या शिकलेल्या. तुम्ही चुकलात तर लोक म्हणतात, बाई वेगळा विचार करतात. आम्ही चुकलो की लगेच कळतं, कुठून आलोय ते. मला उत्तर माहीत असलेलंच बरं. तुम्ही चांगल्या घरातली मुलगी बघा मदतीला."

तुम्ही गप्प राहिलात. सातपेक्षा जास्त. मग चष्मा पुसलात आणि म्हणालात, "हे खरं बोललीस. याचं उत्तर माझ्याकडे आज नाही. शनिवारी ये."

मी पायात चपला सरकवल्या आणि निघाले. मागे वळून बघितलं नाही. तुम्ही दारात उभ्या होतात की नाही, हे मला कधीच कळणार नाही.

सोमवारी तुमचा आवाज आला फोनवर, ध्वनिमुद्रित केलेला. "मा, पुस्तक माझ्याकडे आहे. टोपलीचं पान अर्धं राहिलंय. तू सांगितलंस त्यावर मी विचार करत्येय. जेवलीस का?" मी तो चार वेळा ऐकला. उत्तर दिलं नाही. ठरवलं होतं, शुक्रवारी देईन, एकच शब्द: येते. मी येणारच होते, बाई. रुसव्याला चार दिवस पुरतील असं मी धरून चालले होते. तुम्ही तेवढा वेळही ठेवला नाहीत.

रमाअक्कांनी मला परवा तुमची कापडी पिशवी दिली. पुस्तक, चिमटा तसाच लावलेला. बिस्किटांचा डबा. टोक केलेल्या पेन्सिली. म्हणाल्या, "अम्माने मंगळवारीच भरून ठेवली होती." मी घरी येऊन ती कोपऱ्यात ठेवली आणि आईला सांगितलं, मी शनिवारी जाणार नाही. कुणीतरी कुप्पममध्ये निरोप देईल.

आप्पा जेवत होते. हात थांबवून म्हणाले, "कोण दील? तुझ्याबिगर कोण हाय तितं त्यांचं?" मी म्हणाले, मला सांगता येणार नाही, आप्पा. काय शब्दांत सांगू? ते म्हणाले, "मला काय ठावं? शिकलीयास तू." आणि मग थोड्या वेळाने, "मी येऊ का संगं?"

मी एकटीच गेले. काल. अर्धा तास आधी पोचले, चटई अंथरली, चपला भिंतीला नीट लावून ठेवल्या. पिशवी मांडीवर घेऊन बसले आणि वाक्य पाठ करत राहिले. टीचर देवाघरी गेल्या. टीचर आता येणार नाहीत. तमिळमध्ये म्हणून बघितलं, मराठीत म्हणून बघितलं. कुठल्याच भाषेत पुरं होईना.

पहिली कयलच आली. दारात थांबली. माझ्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. आत आली नाही.

"टीचर येणार नाहीत," ती म्हणाली.

आणि माझ्या तोंडून सवयीने बाहेर पडलं, "कसं कळलं?"

"तुझ्याकडे टीचरची पिशवी आहे. टीचर पिशवी कुणाला देत नाही. आजारी होती तेव्हा पण नाही दिली." तिने भिंतीला लावलेल्या चपलांकडे बघितलं. "आणि तू लवकर आलीस. तू कधीच लवकर येत नाहीस. आणि तुझे डोळे." मग एकदम बारीक आवाजात, "अक्का, टीचर मेली का?"

बाई, मी हो म्हणू शकले नाही. मी फक्त मान हलवली. पाठ केलेल्या वाक्यांतलं एकही लागलं नाही. तिने खुणा बघितल्या आणि वाचलं. तुम्ही असतात तर तिला विचारलं असतंत, आणखी काय दिसतंय?  ती येऊन शेजारी बसली आणि पिशवीचा एक बंद हातात धरून राहिली.

बाकीची मुलं आली. कयलनेच त्यांना सांगितलं, दारातच, एकेकाला. सेल्वम भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. कुणीतरी विचारलं, कशाने? मी सांगितलं. कुणीतरी विचारलं, दुखलं का? मी म्हणाले, ठाऊक नाही. मग बराच वेळ कुणी बोललं नाही. मी मोजत नव्हते, पण सात केव्हाच होऊन गेले असतील. त्या गप्पपणाची मला पहिल्यांदा भीती वाटली नाही. त्यात सगळेच होते.

मग सेल्वमने नाक पुसून विचारलं, "डबा?"

मी डबा उघडला. एकेक चिठ्ठी काढली. बाप मोठा मासा घेऊन येतो. पाऊस येतो. टोपलीत मांजर बसतं. कयलची चिठ्ठी कोरी होती. ती मी घडी घालून हळूच खाली ठेवली, पण तिने बघितलं मी बघितल्याचं.

तळाशी तुमची चिठ्ठी होती. मुलं ओरडली, "टीचरची! वाच, अक्का!" मला वाटलं चित्र असेल, किंवा तमिळमध्ये काही. पण ती मराठीत होती. झोपलेला 'क', एकेक अक्षर वेगळं उभं राहिलेलं, वरची रेघ मोडलेली. तुम्ही लिहिलेली पहिली पुरी वाक्यं. त्या खोलीत ते वाचू शकणारी मी एकटी होते, आणि तुम्हाला ते माहीत होतं.

मला ठाऊक नाही. कयलला विचार.

आपण भांडलो त्याच्या आधीच हे डब्यात पडलेलं होतं, बाई. मी तुम्हाला पुस्तकाचं मागचं पान दाखवत होते, चार पिढ्या मोजून दाखवत होते, तेव्हा हे तिथंच होतं, आपल्या दोघींच्या मध्ये, बिस्किटांच्या डब्यात. मला वाटत होतं तुम्हाला उत्तर माहीत आहे आणि तुम्ही मला चिडवताय. तुम्हाला खरंच माहीत नव्हतं. तुम्ही खरंच शेवटची पानं बघत नव्हतात.

मुलं विचारत होती, काय लिहिलंय, काय लिहिलंय. मी तमिळमध्ये वाचून दाखवलं. सगळ्यांनी कयलकडे बघितलं. मी पुस्तक काढलं, नववं पान उघडून तिच्यापुढे ठेवलं. "मी गेल्या शनिवारी चुकले," मी म्हणाले. हे मी वर्गात मोठ्याने कधी म्हटलं नव्हतं, कुठल्याच वर्गात. "आईला कसं वाटतंय, तू सांग. कसं कळलं?"

एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. सात.

कयलने टोपलीवर बोट ठेवलं. "रिकामी आहे. म्हणजे सगळे मासे विकले. मासे उरले तर अम्मा पायरीवर बसत नाही. परत विकत फिरते, उन्हात." मग बोट आईच्या पायांकडे नेलं. "मान खाली कारण ती पायाची वाळू झाडतेय. वाळू झाडते म्हणजे आता घरात येणार. आज परत जाणार नाही." आणि मला काहीच कळत नाही अशा थाटात, "म्हणून खूश, अक्का."

सेल्वम म्हणाला, "हे तर कुणालाही कळतं." बाकीच्यांनी माना डोलावल्या. बाई, त्या खोलीतल्या प्रत्येक मुलाला ते ठाऊक होतं. फक्त आपल्या दोघींना नव्हतं, आणि छापणाऱ्याला.

मी कयलला चिमटा काढायला दिला. तिने तो काढून स्वतःच्या फ्रॉकला लावला. शेवटच्या पानावर मुलीने रिकामी टोपली डोक्यावर उलटी घातली होती आणि आई हसत होती. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कयल नुसती म्हणाली, "बघ."

तुमच्या बोलण्यातलं अर्धं मला अजून पटलेलं नाही. आम्ही चुकलो की लोक हसतात, हे खरंच आहे, आणि त्यावर तुम्ही काय विचार करत होतात ते ऐकायचं राहून गेलं. मी ते कुणाला विचारू? सोमवारचा तुमचा आवाज अजून फोनमध्ये आहे. जेवलीस का, विचारताय. मी त्याला अजून उत्तर दिलेलं नाही.

मुलं गेल्यावर मी पंधरा मिनिटं तिथंच बसून राहिले, आपली ती पंधरा मिनिटं. मग पुस्तकाचं मागचं पान उघडलं. पान नऊ: आई दुःखी आहे. तुमच्या पिशवीतली एक पेन्सिल घेतली. छापलेल्या अक्षरांच्या शेजारी मी आजपर्यंत कधी काही लिहिलं नाही, आप्पा बघतील तर काय म्हणतील असंही मनात आलं. तरी लिहिलं, मराठीत, बारीक: टोपली रिकामी, म्हणजे आईचं आजचं काम झालं. कयलने सांगितलं.

मांडीवर धरलेलं पुस्तक हललं. 'क' झोपला.